‘सॅम बहादुर’वर समीक्षकांची मतं इतकी विभागलेली का?

फील्ड मार्शल सॅम माणेकशांच्या आयुष्यावरच्या या चित्रपटात त्यांची भूमिका विकी कौशलने केली आहे. समीक्षकांमध्ये त्याच्याबद्दल फारसा वाद नव्हताच. माणेकशांची किंचित वाकून चालण्याची ढब, बोलण्याचा ठेका, मिश्कील नजर त्याने अचूक पकडली, हे बहुतेकांनी मान्य केलं.

नाराजी होती ती पटकथेवर. देहरादूनच्या अकादमीपासून 1973 च्या फील्ड मार्शलपदापर्यंत चार दशकं अडीच तासांत बसवली आहेत. त्यामुळे 1942 ची ब्रह्मदेशातली जखम, तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी संघर्ष आणि माणेकशांवरची चौकशी, 1962 नंतरची ईशान्येकडची जबाबदारी, सगळं झरझर सरकतं. प्रसंग रंगू लागतो तोच पुढचं साल येतं. माझ्या मते हा आक्षेप रास्त आहे. एकट्या चौकशीवर तासभराचं नाट्य उभं राहिलं असतं. एप्रिल 1971 मध्ये ‘सैन्य आत्ता तयार नाही’ असं इंदिरा गांधींना स्पष्ट सांगणं हा खरा गाभा, आणि तिथे चित्रपट पकड घेतो. 1971 चं प्रत्यक्ष युद्ध मात्र बरंचसं जुन्या चित्रफितींवर उरकलंय. पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांच्या पात्राचा मेकअपही अनेकांना खटकला.

तरी 71 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत वेशभूषा आणि रंगभूषेचे पुरस्कार याच चित्रपटाला मिळाले, शिवाय राष्ट्रीय व सामाजिक मूल्यं जपणाऱ्या चित्रपटाचाही. परीक्षण वाचताना अभिनय आणि पटकथेवरची मतं वेगळी काढा, निम्मा विरोधाभास तिथेच मिटतो.