पिनकोड दोनदा लिहिला तर

प्रश्न : कोणतीही तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिली, की तयार होणाऱ्या सहा अंकी संख्येला ७, ११ आणि १३ या तिन्हींनी निःशेष भाग जातो, असे माझ्या मुलीला शाळेत शिकवले आहे. तिने हाच प्रयोग सोलापूरच्या ४१३००१ या पिनकोडवर केला. ४१३००१४१३००१ या संख्येला तिन्हींपैकी एकानेही भाग गेला नाही, मात्र १०१ ने गेला. हा योगायोग समजावा काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा योगायोग नाही. शिकवलेला नियम स्वतः ताडून पाहण्याची आपल्या कन्येची वृत्ती फार मोलाची आहे.

सहा अंकी संख्या दोनदा लिहिणे म्हणजे तिला १०,००,००१ ने गुणणे होय; कारण डावीकडची संख्या सहा घरे सरकल्यामुळे दहा लाख पट होते आणि उजवीकडची आहे तशीच तिच्यात मिळवली जाते. तीन अंकी संख्येसाठी हा गुणक १००१ असतो व त्याचे मूळ अवयव ७, ११ आणि १३ आहेत. १०,००,००१ चे मूळ अवयव मात्र १०१ आणि ९९०१ हे दोनच आहेत. त्यामुळे पिनकोड पंढरपूरचा असो वा अक्कलकोटचा, तो दोनदा लिहिल्यावर या दोहोंनी भाग जाणारच.

बाकीचे अवयव खुद्द पिनकोडमधून येतात. ४१३००१ च्या अंकांची बेरीज ९ असल्यामुळे ९ ने भाग जातो आणि ४५८८९ उरतात. खरा कस येथे लागतो, कारण पुढे १०७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. १०९ ने मात्र जातो आणि भागाकार ४२१ येतो, जी स्वतःच मूळ संख्या आहे. म्हणून ४१३००१४१३००१ = ३ × ३ × १०१ × १०९ × ४२१ × ९९०१. या संख्येला एकूण ४८ विभाजक आहेत.

याहून सुंदर प्रश्न असा, की एखादा पिनकोड दोनदा लिहून पूर्ण वर्ग मिळेल काय? कधीच नाही. १०१ आणि ९९०१ हे गुणकात एकेकदाच येत असल्याने वर्ग होण्यासाठी पिनकोडलाही त्या दोहोंनी, म्हणजेच १०,००,००१ ने, भाग जावा लागेल आणि सहा अंकी संख्येत ते शक्य नाही. अकरा अंकी संख्येचे मात्र तसे नाही. तेथील गुणकाला, म्हणजे १००००००००००१ ला, १२१ ने भाग जातो आणि भागाकार ८२६४४६२८१ येतो. त्याची १६ पट, म्हणजे १३२२३१४०४९६, दोनदा लिहिली असता मिळणारी बावीस अंकी संख्या हा ३६३६३६३६३६४ चा पूर्ण वर्ग आहे. बारा अंकी कॅल्क्युलेटरवर तो पूर्ण दिसणार नाही, म्हणून कन्येने हा गुणाकार वहीवरच करून पाहावा.