सर्टिफिकेट काढलं तर मुलावर शिक्का बसेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझा मुलगा चौथीत आहे, मराठी मीडियम. बोलायला एकदम हुशार, आजोबांबरोबर शेतात गेला की कुठल्या वाफ्याला पाणी द्यायचं राहिलंय ते तोच सांगतो, पण वाचायला बसवलं की रडारड. ब ला व वाचतो, भ आणि म मध्ये गोंधळ, जोडाक्षर आलं की अडकतो नाहीतर अंदाजाने भलताच शब्द म्हणतो. तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर, पेपर मात्र अर्धा कोरा. शाळेतल्या बाई म्हणतात आळशी आहे, घरी सराव घ्या, म्हणून मी रोज चुकलेले शब्द वीस वीस वेळा लिहून घेते, तो रडतो आणि मग माझाही हात उठतो. डॉक्टरांनी लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करा म्हणून सांगितलंय, पण ह्यांचं आणि सासूबाईंचं म्हणणं की एकदा सर्टिफिकेट काढलं की आयुष्यभराचा शिक्का बसेल. पुढच्या वर्षी पाचवीची परीक्षा आहे. काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: आधी एक काम करा, ते वीस वेळा लिहिणं आजपासून बंद. अशा मुलांची अडचण बहुतेक वेळा आवाज आणि अक्षर यांची जोडी पटकन न जमण्यात असते, आणि नुसतं उतरवून काढताना तो आवाज कुठे ऐकूच येत नाही, हात चालत राहतो आणि मूल थकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तोच शब्द परत चुकतो. त्यापेक्षा दोनच अक्षरं घ्या, ताटात रवा पसरून बोटाने मोठं अक्षर गिरवायला लावा आणि गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणू दे. पंधरा मिनिटं, बास. उठून खेळायला जाऊ दे त्याला.

आता तपासणी. नक्की करा, आणि लवकर करा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला शंका येतेच आहे पण पत्रावरून कुणीच निदान करू शकत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवणारे खास शिक्षक, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेतात. बुद्धी ठीक आणि तरी वाचन वयाच्या मानाने बरंच मागे, असं चित्र दिसलं तर लर्निंग डिसॅबिलिटीचं निदान होतं. चाचणी मराठीतून घ्या असा आग्रह धरा, मराठी मीडियमच्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन काय कळणार? मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने केलेली डाली नावाची चाचणी मराठीतही आहे, तिच्याबद्दल विचारा. सर्टिफिकेट साधारण आठ वर्षं पूर्ण झाली की मिळतं, म्हणजे तुमचा मुलगा त्या वयात आलाय. खाजगी रिपोर्टने अडचण समजेल, पण सवलतींसाठी सरकारी रुग्णालयाचंच लागतं. तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तिथे सोय नसेल तर पुण्यात ससून आहे. नंबर लागायला वेळ जातो म्हणून पाचवीची वाट बघू नका.

शिक्क्याचं म्हणाल तर शिक्का आत्ताच बसलाय हो त्याच्यावर, आळशी म्हणून, आणि तो त्याला रोज शाळेत ऐकावा लागतोय. कागदाने तो पुसायला मदतच होईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी स्पष्ट लिहिलेली आहे आणि अशी मुलं लवकर ओळखून त्यांच्यासाठी शिकवण्याची वेगळी पद्धत वापरायची हे शिक्षणसंस्थांचं काम म्हणून सांगितलंय. दहावीला गेला की तासाला 20 मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय, असं बरंच काही मागता येतं. सासूबाईंना हे शांतपणे सांगा, आणि ह्यांना शक्यतो तपासणीला बरोबरच न्या, तिथे तज्ज्ञांच्या तोंडून ऐकलेलं जास्त पटतं असा माझा अनुभव आहे.

पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते हे खरं, नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात ठेवता येतं. पण आठवी होईपर्यंत शाळा त्याला काढून टाकू शकत नाही, आणि मारणं किंवा मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे. रिपोर्ट हातात आला की मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बाईंशी भांडू नका, त्यांच्या वर्गात खूप मुलं असतात आणि हे त्यांना कुणी नीट शिकवलेलंही नसतं. नेमकं मागा: पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ, वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नये, आणि जमेल तिथे तोंडी परीक्षा.

धड्यातली माहिती त्याला कानांनी मिळू दे. तुम्ही वाचून दाखवा, किंवा बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलवर स्कॅन करून दीक्षा ॲपवर जे ऐकायला-बघायला मिळेल ते लावा, म्हणजे वाचन कच्चं आहे म्हणून इतिहास नि विज्ञान मागे पडणार नाही. आणि त्याला स्वतःला सांगा की तुझं डोकं चांगलं आहे, अक्षरं ओळखायला तुला वेगळ्या पद्धतीने शिकावं लागणार आहे आणि ती पद्धत आपण शोधतोय. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. हात उठतो असं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, पुढच्या वेळी राग चढायला लागला की वही मिटा आणि दुसऱ्या खोलीत जा, त्या दिवशीचा अभ्यास राहिला तरी चालेल. तपासणी झाली की रिपोर्टमध्ये काय आलं ते कळवा, त्याप्रमाणे घरी काय घ्यायचं ते आपण ठरवू.