रिकव्हरी टाकायच्या आधी फोनचं कोडनेम बघ

भावा, फोन रूट झालाय (म्हणजे सिस्टमचा पूर्ण ताबा मिळालाय) आणि आता त्यात वेगळी रिकव्हरी टाकायची आहे ना, म्हणजे बॅकअप घ्यायला आणि नवी सिस्टम टाकायला लागणारा, अँड्रॉइडच्या बाहेर चालणारा छोटा प्रोग्राम, मग घाई करू नकोस. कुठली रिकव्हरी भारी हे विचारण्याआधी तुझ्या मॉडेलचं कोडनेम (कंपनीने दिलेलं आतलं नाव) बघ, कारण रेडमी नोट ७ म्हणजे लॅव्हेंडर आणि नोट ७ प्रो म्हणजे व्हायोलेट, नाव सारखं वाटतं पण एकाची रिकव्हरीची फाइल (इमेज) दुसऱ्याला चालत नाही.

माझं मत विचारशील तर तुझ्या फोनसाठी टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीचं ऑफिशियल बिल्ड (तयार आवृत्ती) असेल तर तेच घे. ऑरेंजफॉक्स पण मस्त आहे, ती टीडब्ल्यूआरपीवरच बेतलेली आहे. फक्त लिनिएजओएस (अँड्रॉइडवर बेतलेली वेगळी सिस्टम) टाकायचं असेल तर त्यांचीच रिकव्हरी वापर, ते स्वतः तेच सांगतात. जुन्या व्हिडिओत क्लॉकवर्कमॉड ही जुनी रिकव्हरी दिसेल, त्याच्या नादी लागू नकोस, ते कधीच बंद पडलंय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिक्रिप्शन, म्हणजे फोनमधला लॉक केलेला डेटा रिकव्हरीला उघडता येणं. बिल्ड तुझ्या अँड्रॉइड व्हर्जनला जुळत नसेल तर पॅटर्न टाकूनही डेटा उघडत नाही, फोल्डरांची नावं नुसती विचित्र अक्षरं दिसतात, मग बॅकअप कसला घेणार? म्हणून फास्टबूट (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देण्याचा मोड) चालणारा फोन असेल तर आधी फास्टबूट बूट कमांडने रिकव्हरी तात्पुरती चालवून बघ (काही फोन ही कमांड घेत नाहीत), टच, डिक्रिप्शन सगळं नीट चाललं तरच फ्लॅश कर, म्हणजे कायमची टाक. सॅमसंगला फास्टबूट नसतं, तिथे डाउनलोड मोड आणि कॉम्प्युटरवरचा ओडिन प्रोग्राम.

आणि हो, बॅकअपमध्ये ईएफएस (फोनच्या नेटवर्कची माहिती असलेला भाग) नक्की टिक कर, ते गेलं तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) जाऊन नेटवर्कच येत नाही. फोटो मात्र वेगळे कॉम्प्युटरवर काढ, टीडब्ल्यूआरपीच्या डेटा बॅकअपमध्ये इंटर्नल स्टोरेज येत नाही.