डीएपी देऊनही स्फुरद कमीच का येतो?

प्रश्न : माझे वावर काळ्या, चुनखडीच्या जमिनीचे असून मी सोयाबीन-तूर घेतो. दरवर्षी डीएपी हे स्फुरदयुक्त खत देऊनही माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कमीच येतो. गेल्या खरिपात पीएसबीची (स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया केली, पण फरक दिसला नाही. पाकीट मे महिनाभर टिनाच्या शेडमध्ये ठेवलेले होते. या जिवाणूंचा खरोखर उपयोग होतो का? त्यांच्या भरवशावर डीएपी बंद करावे का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पाकिटातील काळ्या भुकटीत जिवंत जिवाणू असतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या टिनाखाली ते तग धरत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षीच्या अनुभवावरून या जिवाणूंना निकामी ठरवू नये, असे माझे मत आहे.

आपल्या जमिनीत स्फुरद नाही असे नाही. तो अडकून पडला आहे. चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपास असलेल्या जमिनीत डीएपीमधील स्फुरदाचा कॅल्शियमशी संयोग होऊन तो न विरघळणाऱ्या रूपात जातो आणि दिलेल्या मात्रेपैकी पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारणपणे १५ ते २० टक्केच येतो. बॅसिलस, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू ग्लुकॉनिक, सायट्रिक अशी आम्ले सोडून हा बंध सैल करतात. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येते : शास्त्रज्ञ पिकोव्हस्काया यांनी १९४८ मध्ये सुचविलेल्या, जिवाणू वाढविण्याच्या माध्यमात ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमुळे बशी दुधाळ दिसते आणि जिवाणूंच्या ठिपक्याभोवती काही दिवसांत काचेसारखे स्वच्छ कडे उमटते. वावरात मात्र हीच आम्ले चुनखडीमुळे लवकर निष्प्रभ होतात, म्हणून जिवाणूंचे काम मुळांच्या अगदी लगत, तेही सेंद्रिय पदार्थ भरपूर असतील तरच, चांगले चालते. शेणखताशिवाय नुसत्या पाकिटाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

डीएपी एकदम बंद करू नका. जिवाणू स्फुरद तयार करत नाहीत, असलेला मोकळा करतात. पीक जेवढा उचलून नेते तेवढा कुठून तरी परत द्यावाच लागतो. माती परीक्षणाच्या शिफारशीप्रमाणे खत बियाण्याजवळ, पण त्याला न चिकटता पेरून द्यावे.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या तोंडावर, सर्वांत शेवटी जिवाणू, हा क्रम मोडू नये. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावी, कारण सोयाबीनची साल पातळ असते आणि जोरात रगडल्यास ती सुटते. ओलावा बेताचाच ठेवून बियाणे सावलीत गोणपाटावर सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. सोयाबीनचे रायझोबियम (मुळांवरील गाठींत हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू) सोबत लावले तरी चालते. बियाण्याला कंपनीचे औषध आधीच लावलेले असेल, तर पीएसबी ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत द्यावे. पाकीट घेताना अंतिम तारीख पाहावी आणि ते घरातील थंड कोपऱ्यात, खताच्या पोत्यांपासून दूर ठेवावे.

यंदा आठ-दहा तासे जिवाणूंशिवाय पेरून ठेवा आणि फुलोऱ्यात दोन्हीकडची चार-चार झाडे मुळांसकट उपटून शेजारी ठेवून पाहा.