कोशर प्रमाणपत्राची सुरुवात घटकांच्या यादीपासून करावी
आपल्या खाद्यपदार्थांसाठी कोशर, म्हणजे यहुदी आहारनियमांनुसार असल्याचे, प्रमाणपत्र मिळवण्यासाठी अर्ज करण्याचे आपण ठरवले, हे उत्तम झाले. मात्र प्रमाणन संस्था निवडण्यापूर्वी आपले खरेदीदार कोणत्या संस्थेचे चिन्ह मान्य करतात, हे विचारून घ्यावे. त्यानंतर सर्वाधिक वेळ घटकांच्या यादीला द्यावा: ग्लिसरीन, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक), एन्झाइम आणि फ्लेवर प्राणिजन्य असू शकतात, म्हणून प्रत्येकाच्या उत्पादकाचे नाव आणि चालू कोशर प्रमाणपत्र जवळ असावे. शाकाहारी पदार्थ आपोआप कोशर ठरतो, हा नवख्यांचा नेहमीचा गैरसमज आहे. चीज आणि द्राक्षरसाचे नियम तर विशेष कडक आहेत. संस्थेने मंजूर केलेल्या यादीबाहेरचा पुरवठादार, घाईच्या दिवसातही, परवानगीशिवाय वापरू नये, कारण निरीक्षक पूर्वसूचनेविना येतात आणि मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी अशा परस्पर बदललेल्या पुरवठादारापासूनच सुरू झाल्या. यंत्रांच्या कोशरीकरणाचे, म्हणजे ती या नियमांनुसार शुद्ध करून घेण्याचे, तपशील संस्थेचे रब्बी (यहुदी धर्मगुरू) पहिल्या पाहणीत समजावतील.