पहिल्यांदाच मांसासाठी गुरं पाळताय? मग हे वाचा

भाऊ, जनावरं घ्यायची घाई करू नका, आधी चाऱ्याचा हिशोब करा. 500 किलोची गाय रोज वजनाच्या 2 ते 2.5 टक्के सुका चारा खाते म्हणजे 10 ते 12 किलो, आणि कुरण 5 महिने बंद राहणार असेल तर एका गाईमागे पावणेदोन टन तरी साठा हवाच, वर नासधूस होते ती वेगळी. तेवढा चारा नसेल तर गुरं कमी घ्या, उपाशी गाय वेळेवर माजावरच येत नाही, म्हणजे गाभण राहत नाही, मग वर्षभर फुकट सांभाळायची.

सुरुवातीला कालवडी घेण्यापेक्षा एकदोन वेत झालेल्या शांत गाई घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलटकरणीला व्यायला त्रास जास्त होतो आणि तुम्हीही नवीन.

व्यायच्या वेळी नीट बघा. दोन खूर बाहेर, तळवे खाली अन् त्यावर नाक दिसलं की वासरू सरळ आहे. तळवे वर असतील तर बहुतेक मागचे पाय आहेत, लगेच डॉक्टरला फोन करा, आणि सगळं सरळ असून तासभर गाय जोर देतेय तरी पुढे काही सरकत नाही तरीही करा, स्वतः ओढाओढ नको. वासरू उठून प्यायलं का हे डोळ्यांनी बघा, पहिल्या 6 तासांत चीक म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध पोटात गेलंच पाहिजे, जितका उशीर तितकी त्यातली रोगप्रतिकारशक्ती वासराला कमी मिळते. ओढत नसेल तर चीक पिळून बाटलीने पाजा.