कोरकू शब्द खासी आणि ख्मेरशी ताडून कसे पाहायचे?

मेळघाटात देवनागरीत उतरवलेल्या यादीवरून कोरकू खरंच ऑस्ट्रोआशियाई कुळातली (भारतातल्या मुंडा भाषा, मेघालयातली खासी, कंबोडियाची ख्मेर, व्हिएतनामी यांचं भाषाकुळ) आहे का, हे स्वतः तपासता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण आधी यादी दुरुस्त करा.

मोठी चूक शब्दाच्या शेवटी होते. मुंडा भाषांत (कोरकू, संथाळी, मुंडारी या त्या शाखेतल्या मानतात) शेवटचा क्, त्, प् पुष्कळदा नुसता अडतो, हवा सुटतच नाही. मराठी कान तो गाळतो, नाहीतर त्याला ग, द, ब समजतो. अशा शब्दाच्या शेवटी स्वराने सुरू होणारा प्रत्यय जोडून तो वदवून घ्या. संथाळीतल्या ‘साप्’चा (पकडणे) असा स्वर लागला की ‘साब्’ होतो आणि लपलेलं व्यंजन सापडतं. घशातल्या अडथळ्याला देवनागरीतल्या मुंडारी लिखाणात विसर्ग देतात : ‘दाः’ म्हणजे पाणी. तुम्हीही तोच द्या, मात्र तो ‘ह’ म्हणून वाचू नका.

शिवाय कोरकूत खालचा सूर आहे, म्हणजे काही शब्दांत आवाज खाली नेण्यानेच शब्द वेगळा ठरतो. भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन झाइड यांनी १९६६ साली त्यावर सविस्तर लिहिलं. देवनागरीत त्याला खूण नाही, म्हणून ध्वनिमुद्रण हवंच. शब्द सुटा विचारला की शेवटी आवाज आपोआप उतरतो आणि खालच्या सुराचा भास होतो. एकाच ठरावीक वाक्याच्या मधोमध बसवून तो तीनदा म्हणवून घ्या, दोन-तीन वेगवेगळ्या माणसांकडून.

मग मराठी-हिंदीतून आलेले शब्द काढा आणि अवयव, आकडे, प्राणी यांपासून सुरुवात करा. डोळा : कोरकू मेद, संथाळी मेत्, खासी ख्मत, व्हिएतनामी मात. हात : कोरकू आणि संथाळी ती, खासी क्ती, ख्मेर डै. वाघ : कोरकू कुला, संथाळी कुल, खासी आणि ख्मेर दोन्हींत ख्ला.

इथेच बहुतेकजण फसतात. ‘ख्मत’, ‘क्ती’ यांतला ख्, क् हा शब्दाच्या सुरुवातीला जोडलेला भाग आहे, तो काढला की मूळ उरतं. म्हणून ‘ख्ला’तलाही ख् उडवाल, तर चुकाल. तो मूळ शब्दाचाच आहे, कारण मुंडा भाषांनी ‘कुल’मध्ये तो जपलाय. कुठे कापायचं हे दुसरी शाखा पाहिल्याशिवाय ठरवू नये.

शब्दाच्या पोटातही भर पडते. मराठी ‘मर’चं ‘मार’ करताना स्वर लांबवते. ख्मेर ‘स्लाप’मध्ये (मरणे) म् खुपसून ‘साम्लाप’ (ठार करणे) करते. संथाळीत ‘दाल’ म्हणजे मारणे, ‘दापाल’ म्हणजे एकमेकांना मारणे. असा मध्यप्रत्यय तेव्हाच माना, जेव्हा त्याच भाषेत साधं आणि भर पडलेलं अशी दोन्ही रूपं मिळतील.

कोरकूत शेवटचे प्रत्ययही सोलावे लागतात. ‘कोरकू’ हे नावच कोरो (माणूस) अधिक अनेकवचनाचा ‘कू’ असं आहे. प्रत्ययांची ही रेलचेल आणि शेवटी येणारं क्रियापद पाहून भाषा मराठीच्या जवळची वाटते, ख्मेरपासून दूर. पण वाक्यरचना शेजारामुळेही बदलते. तिच्यावरून नातं नाकारू नका.

नुसत्या साम्यावरही विसंबू नका, ध्वनींची तीच जोडी पुन्हा पुन्हा जुळते का ते पाहा. तीन आणि चार घ्या : कोरकू अफई, उफुन, संथाळी पे, पोन, व्हिएतनामी बा, बोन. व्हिएतनामीतला हा ब जुन्या प पासून आलाय, आणि प-ब ही जोडी दोन्ही आकड्यांत दिसते. एकाच शब्दात भेटलेली जोडी बाजूला ठेवा, ती निदान तीन-चार शब्दांत परत दिसेपर्यंत.